पाप पिणारी चिंधी

रविवारी मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न नव्हतं, लग्नाला माणसं इतकी वेळेवर कुठं येतात? नवरानवरीच्या लाल सोफ्यावर चिंधीमहाराज बसले होते आणि समोर कुणाचा अंगठा, कुणाची टाच, कुणाची पोटरी रक्त गाळत रांगेत उभी होती.

महाराज डबीतून पांढरी जाळीदार चिंधी काढत, जखमेवर दाबून धरत, डोळे मिटून पुटपुटत. चार-पाच मिनिटांत रक्त थांबे आणि चिंधी काळीकुट्ट होई.

"बघा, पाप वर आलं!" महाराज गरजत. "आता ही काढायची न्हाय. पंधरा दिवसांत जखमेतच विरंल. असलं कापड लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिळतंय व्हय? देवाच्या घरचं हाय!"

अनुजाचं बोट विळीवर खोल कापलं होतं. दवाखान्याऐवजी सासूनं, चिमणाबाईनं, तिला इथं आणलं. तिची चिंधी काळी झाली तसे महाराज तिच्या कडेवरच्या चार महिन्यांच्या राजवीरकडं बघून हळहळले.

"अंगावर पितंय न्हवं? पाप दुधात उतरलंय. एकवीस दिवस पाजायचं न्हाय. आणि दर गुरुवारी दरबाराला यायचं."

घरासाठी एक जादा चिंधी मिळाली. चिमणाबाईनं ती देव्हाऱ्यात ठेवली आणि नातवाला आपल्या खोलीत.

दोन दिवस राजवीर बाटलीकडून तोंड फिरवत होता. तो पलीकडं रडला की अलीकडं भाकरी थापणाऱ्या अनुजाचा ब्लाऊज भिजायचा. छाती दगडासारखी झाली होती. आपल्यातच काहीतरी नासलंय, असं तिलाही वाटू लागलं होतं.

मंगळवारी शेजारची नुजहत आली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस. तिनं अनुजाचं बोट उलटंसुलटं करून बघितलं.

"अगं, दाढ काढल्यावर रक्त थांबंना झालं की आमचे डॉक्टर हेच भरतात! झाडाच्या धाग्याचं असतंय, कापसासारखं. रक्त धरून ठेवतंय, मग अंगातच विरतंय."

"मग काळं कशानं पडतंय?" चिमणाबाई उसळली. "तुझ्या डॉक्टरकडं बी पापीच येत असतील!"

नुजहत हसली. "उद्या बुधवार. परतायला बकऱ्याची रक्ती आणणार न्हवं, मावशी? जरा वाटीभर ताजी ठेवा."

सकाळी स्टीलच्या वाटीत बकऱ्याचं ताजं रक्त आलं. अनुजानं देव्हाऱ्यातली चिंधी आणली. चिमणाबाई हात धरणार, एवढ्यात तिनं ती वाटीत सोडलीसुद्धा. शेजारी नुजहतनं दवाखान्यातला तुकडा सोडला. तिघी वाकून बघत राहिल्या. दोन्ही चिंध्या काळ्या पडल्या.

"मावशी, ह्या बकऱ्यानं कुणाचं काय वाईट केलंतं?"

चिमणाबाई उठली. मग आतून राजवीरला घेऊन आली आणि अनुजाच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "घे बाई. लई रडवलं लेकराला."

राजवीर असा तुटून पडला की त्याला ठसका लागला.

गुरुवारी चिमणाबाई वाटी घेऊनच दरबारात शिरली.

"महाराज, ह्या बकऱ्याला किती गुरुवार यायला लागंल?"

"म्हातारे, देवाची चेष्टा करतीस?"

"देवाची न्हवं, तुमची! तुमचीच चिंधी, तुमच्याच डबीतली. बघा की!"

हॉलमध्ये हसू फुटलं. महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचा दरबार आठवला आणि ते डबी उचलून सटकले.

नुजहतनं मग पायरीवर उभं राहून सगळ्यांना समजावलं. हा धागा औषधाच्या कारखान्यात प्रक्रिया करून आंबट केलेला असतो. रक्तातला लाल रंग आंबटानं काळपटतो. माणसाचा तसा बकऱ्याचा. धागा फुगून रक्ताला धरतो, गोठायला आधार देतो आणि शरीर त्याला हळूहळू जिरवून टाकतं. औषध अस्सलच होतं. म्हणून तर त्याच्या आडून थाप खपली.

तेव्हा बायांनो, बाप्यांनो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तो दुसऱ्या रक्तावर करून बघा. कापलं तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबा आणि दवाखाना गाठा. आणि लग्नाच्या सोफ्यावर बसून कुणी आईच्या दुधाला नावं ठेवत असेल, तर त्याचं ऐकू नका. बाळाचं ऐका. त्याला भूक लागली आहे.