दवाखान्याच्या दारावरचा ठिपक्यांचा बोर्ड

"लांब जा, आणि मग सांग." शिडीवरून येणारा हा आवाज तिच्या कानात अजून आहे. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि ती, सहा वर्षांची, रस्त्याच्या पलीकडे उभी राहून निकाल द्यायची. 'क'चं पोट सुटलंय. 'र' पडायला आलाय. बाबा मुकाट्याने पुसायचे.

आता पाटी तिची होती, आणि ब्रश कुठेच नव्हता. दवाखान्याच्या दारावर लाल दिव्यांचा बोर्ड, ठिपक्याशेजारी ठिपका, जशी थव्यात पाखरं. त्यांतून तिने घडवलेली अक्षरं. दिसायला जुन्या यंत्रांसारखी चौकोनी, पण अंगात खोड्या. शून्य डोळा मिचकावायचं. 'ठ' गडगडत यायचा. ज्याचा नंबर लागे त्याचा आकडा दोन उड्या मारून मगच उभा राही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "लोक भांडायचे थांबलेत. एक आजोबा तर बरे होऊनही येतात."

उद्या हीच अक्षरं बारा दवाखान्यांच्या बोर्डांत कायमची भरली जाणार होती. मग चूक राहिली की राहिली. आणि चूक कुठेतरी होती. तिला सापडत नव्हती, एवढंच. ज्यांना सापडली असती ते बाबा तीन महिने समोरच्या फुटपाथवर उभे राहून एकच वाक्य बोलत होते.

"बरं आहे."

"नीट बघा ना, बाबा."

"बघितलं. बरं आहे."

तिला वाटलं, डोळे अधू झालेत आणि माणूस सांगत नाही. म्हणून त्या सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी, तिने बोर्डावर सोडलं: 'पेंटरबाबा खडूस आहेत'. रस्ता ओलांडून ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. शब्द आले, उड्या मारून सरकत गेले. दूधवाल्याने सायकल थांबवून वाचलं, बाबांकडे एकदा बघितलं, आणि तो गेला. बाबांच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

"काय लिहिलंय, सांगा बरं."

"लिहिलंय ते खरंच आहे," बाबा म्हणाले. "पण तुझा उकार वरच्या अक्षराला चिकटतो. रोज 'पुढचा नंबर' येतो ना, त्यातही चिकटतो. लांबून गाठ दिसते. मधे ठिपक्यांची एक ओळ मोकळी सोड."

तिने डोळे बारीक केले. गाठच होती.

"म्हणजे दिसतं तुम्हाला."

"न दिसायला काय झालं?"

"मग तीन महिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती?"

बाबांनी खिशातला रुमाल काढला, पुन्हा खिशात ठेवला. बोर्डावर त्यांचं खडूसपण आणखी दोनदा सरकून गेलं.

"चुकलेलं तेवढं एकच होतं," ते म्हणाले. "ते सांगायचं, तर बाकीचं चांगलं झालंय हेही सांगावं लागलं असतं. या बोर्डांनी माझा ब्रश घरी बसवला, पोरी. आणि तुझं अक्षर माझ्यापेक्षा सरस आहे. मला ते सहन होत नव्हतं."