कुठे पोचलं आपलं जहाज

चावीवाल्यांनी बायकोला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि दोन बोटांनी पासवर्ड टाइप करायला घेतला. एक अक्षर दाबायचं, मान वर करून ते पडद्यावर उमटलं का बघायचं, मग दुसरं शोधायला निघायचं. बाई भिंतीकडे बघत उभ्या होत्या खऱ्या, पण कान टवकारलेले. जन्म कानांवर काढलेली बाई ती, कुठलं बटण कुठे वाजतं याचा अंदाज घेत होती.

"कानपण बंद कर," चावीवाले म्हणाले.

बाईंनी निमूटपणे कानांवर हात ठेवले.

रस्त्याच्या वळणावर चावीवाल्यांची टपरी होती. लोकांच्या हरवलेल्या किल्ल्या घडवण्यात आयुष्य गेलं, आणि आता म्हातारपणी घरातल्या कॉम्प्युटरला कुलूप घालायची पाळी आली. काम झाल्यावर खुर्ची मागे सारून ते म्हणाले की कुलूप काही चोरासाठी नसतं, चोर ते फोडतोच. कुलूप घरच्या माणसासाठी असतं. हे वाक्य ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे आणि स्वतःच हसायचे. आज हसले नाहीत.

बाईंचं काम म्हणजे घरी बसून डॉक्टरांचं बोलणं टाइप करायचं. तिकडे दवाखान्यात डॉक्टर रोगी तपासून झाला की यंत्रात बोलतो, ते इकडे बाईंच्या हेडफोनमध्ये येतं, आणि पायाखालचं पेडल दाबत-सोडत बाई ते उतरवून घेतात. पेडल सोडलं की डॉक्टर गप्प. घरात दुसरं कोणी असं ऐकत नसे, म्हणून बाईंना त्या पेडलचं भारी कौतुक. एक डॉक्टर तर जेवता जेवता बोलायचा. त्याच्या तोंडात घास कुठला आणि हाड कुठलं, हेही बाईंना बरोबर समजायचं.

अशा बाईच्या हातून डाव्याचं उजवं झालं. कोणाचा तरी डावा गुडघा उघडायचा होता, बाईंनी उजवा लिहिला. ऐनवेळी नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं, नाहीतर त्या माणसाच्या चांगल्या गुडघ्यावर सुरी फिरली असती. बाईंच्या वरची मुलगी, म्हणजे साहेबीणच ती, पण वयाने लेकीसारखी, तिचा फोन आला. ती रागावली नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं. म्हणाली, पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. आणि मग अवघडत विचारलं, की काम करताना तुम्ही दुसरं काही बघत असता का?

बाई बघत असायच्या. खोटं कशाला बोला.

एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत होता. दाढी राखलेला बाप्या माणूस, पण घरात अजून गुंड्याच. जहाजं कुठे आहेत ते नकाशावर दाखवणारी एक साइट असते, ती जायच्या आधी त्यानेच आईला उघडून दिली होती. म्हणाला, हा हिरवा ठिपका म्हणजे मी. झालं! त्या दिवसापासून बाईंचा एक डोळा कामावर आणि एक ठिपक्यावर. जहाज खोल समुद्रात गेलं की ठिपका दिवसदिवस जागचा हलत नसे, तरी बाई पेडलवरचा पाय उचलून बघून यायच्या. हलला की आनंद, न हलला की घोर. त्याचा करार संपला तेव्हा तो घरी यायचा होता, पण कराराची मुदत वाढली. तसा त्याचा फोन टपरीवर आला होता म्हणे. नंतर फोनही थांबले. समुद्रात कुठलं आलंय नेटवर्क, असं चावीवाले म्हणायचे, आणि बाईंनाही ते पटायचं, कारण ठिपका होता ना समोर.

कुलपाचा हा प्रोग्रॅम साहेबिणीनेच सांगितला. आपण सांगू त्या साइट आपण सांगू त्या वेळात उघडतच नाहीत. फक्त पासवर्ड स्वतः टाकायचा नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाला टाकायला लावायचा. तिचा स्वतःचा भावाकडे होता. आणि साइट उघडावीशी वाटली की आधी स्वतःला विचारायचं, मला नक्की काय बघायचंय? बाई हो म्हणाल्या. नाही म्हणून भागणार होतं थोडंच? लोकांची दारं आता बोटं टेकवून उघडायला लागली होती, किल्ली करायला येतो कोण? घर चालत होतं ते बाईंच्या टायपिंगवर, आणि या वयात त्यांना दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं.

तेव्हा ठरलं ते असं. दुपारी जेवायच्या सुट्टीत कुलूप आपोआप उघडेल, आणि मग संध्याकाळी काम संपल्यावर. एरवी साइट उघडायला गेलं तर तिच्या जागी एक पांढरं पान येणार आणि त्यावर आपल्याला हवं ते वाक्य. चावीवाल्यांनी बराच विचार करून वाक्य लिहिलं: "अगं, काम कर."

पहिल्या दिवशी बाईंनी ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की नवरा शेजारी उभा राहून कानात ओरडतोय असं वाटायला लागलं. मोबाइलवर प्रयत्न केला, तर तिथेही "अगं, काम कर." चोराच्या मनात चांदणं तसं झालं, दाराची कडी वाजली तरी दचकायच्या. पण हळूहळू बोटांची खोड मोडली. काम सुधारलं. साहेबिणीने दोन ओळींचा चांगला निरोपही पाठवला, तो बाईंनी चावीवाल्यांना वाचून दाखवला.

चावीवाल्यांचा मात्र रोजचा नेम चुकला नव्हता. संध्याकाळी दारात चपला काढता काढता विचारायचे, "कुठे पोचलं आपलं जहाज?" बाई सांगायच्या. ते "हं" म्हणून हात धुवायला जायचे. स्वतः कधी पडद्याकडे फिरकले नाहीत. बारीक ठिपके आपल्याला दिसत नाहीत म्हणायचे. किल्लीवरची केसाएवढी खाच दिसायची, ठिपका दिसायचा नाही.

एके दिवशी सकाळच्या कामात कोणा तरुण रोग्याविषयीचं बोलणं आलं. तसं काही मोठं दुखणं नव्हतं, हात भाजला होता. शेवटी डॉक्टर सहज बोलून गेला, की रोगी एकटाच राहतो, सोबत कोणी आलेलं नाही. बाईंनी पेडल सोडलं. हात आपसूक साइटवर गेला, पांढरं पान आलं, अगं, काम कर. आणि त्यांना साहेबिणीचं बोलणं आठवलं. मला नक्की काय बघायचंय? मुलगा बरा आहे का, हे बघायचंय. मग ते ठिपका कुठे सांगतो? ठिपक्याला ताप आलाय का, ठिपका जेवला का, यातलं काही नकाशावर नसतं. इतके दिवस हे डोक्यात कसं आलं नाही, याचं बाईंनाच नवल वाटलं.

अडीअडचणीला असू दे म्हणून गुंड्याने कंपनीचा नंबर मोबाइलमध्ये घालून दिला होता. तशी अडचण कधी आली नव्हती. बाईंनी तो लावला. पलीकडच्या माणसाला वाटलं, कोणी माल पाठवणारं गिऱ्हाईक आहे. एकदम मुलाचं कसं काढावं म्हणून, जहाज कुठपर्यंत आलं एवढंच विचारायचंय असं बाईंनी म्हटल्यावर तो म्हणाला, ते साइटवर दिसतं की. बाई म्हणाल्या, साइटला कुलूप आहे हो आमच्याकडे. तो हसला. चांगला माणूस असावा. घरचं कोण आहे जहाजावर, असं त्याने विचारलं. बाईंनी मुलाचं नाव सांगितलं, तो इंजिनखोलीत आहे हेही सांगितलं. बटणं वाजली. मग काहीच वाजेना.

न बोलण्यातलंही ऐकू येणाऱ्या बाई त्या.

"ते उतरले ना," तो माणूस म्हणाला. "करार संपला तेव्हाच. घरचं तिकीट काढून दिलं होतं कंपनीने. ते वापरलेलं नाही त्यांनी."

उतरून कुठे गेले, ते कंपनीला माहीत नसतं, असंही त्याने सांगितलं. बाईंनी आभार मानले. मग हेडफोन चढवला आणि त्या भाजलेल्या हाताचं राहिलेलं टाइप करून टाकलं. डावा हात होता, डावाच लिहिला, वर पुन्हा ऐकून खात्री केली. रडू आलं नाही, आधी लाज वाटली. कुठल्या परक्या लोखंडाला जीव लावून बसलो होतो आपण! त्यासाठी एका माणसाचा गुडघा जाता जाता राहिला. रडू त्यानंतर आलं, आणि आलं ते पोटातून.

दुपारी जेवायच्या वेळेला कुलूप आपोआप उघडलं. बाईंनी बघितलं नाही. त्या एकच विचार करत होत्या, यांना सांगायचं कसं? रोज चपला काढता काढता विचारणारा माणूस. नाहीच सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्याला कळलं तेवढं पुरे, त्यांचं जहाज चालू दे.

संध्याकाळी चावीवाले आले. एक चप्पल काढली, दुसरी पायात होती.

"कुठे पोचलं आपलं जहाज?"

"बंदरातून निघालं," बाई म्हणाल्या. "दुपारीच."

चावीवाले हात धुवायला गेले नाहीत. दुसरी चप्पल काढायचीही राहिली.

"काल तर भर समुद्रात होतं," ते म्हणाले. "बंदर यायला अजून आठवडा आहे."

कालचं बाईंनीच सांगितलेलं होतं, त्या विसरल्या होत्या. हा माणूस विसरला नव्हता.

"कोणाला फोन केलास?" चावीवाल्यांनी विचारलं.

बाईंना समजायला एक क्षण लागला. मग त्या खुर्चीवर बसल्या. कधीपासून माहीत आहे, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. चावीवाल्यांनीच सगळं सांगितलं, दाराशी उभं राहून, एका पायात चप्पल घालून. टपरीवर फोन आला होता तो कराराचा नव्हताच, करार वाढला ही त्यांचीच थाप. नंबर अनोळखी होता, मागे रस्त्याचा गोंगाट. मी उतरलो, आता घरी येणार नाही, मला शोधू नका म्हणाला. का रे बाबा, आमचं काही चुकलं का, विचारलं. तर चुकलं नाही, दमलो, एवढंच. तो नंबर पुन्हा कधी लागला नाही. टपरी उघडली की चावीवाले आधी तो नंबर लावायचे, मग दिवसाचं काम. अजून लावायचे.

बाईंना राग आला, खूप राग आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना.

"आणि मला?" त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी काही म्हणाला की नाही?"

चावीवाल्यांनी दाराच्या चौकटीवर हात टेकला.

"म्हणाला, आईला जहाज बघू दे."

बाहेर कोणीतरी जिना चढून गेलं. चावीवाल्यांनी दुसरी चप्पल काढली आणि पहिलीच्या शेजारी नीट लावून ठेवली. मग म्हणाले की कुलूप काढून टाकतो, आता त्याचं काय काम. बाई म्हणाल्या, राहू दे. त्या रात्री दोघं जेवली, थोडं थोडं का होईना. भांडी बाईंनी घासली, चावीवाल्यांनी पुसली. आणखी बोलण्यासारखं काही नव्हतं. जे विचारायचं ते तिसऱ्याला विचारायचं होतं, आणि त्याचा नंबर लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी काम केलं. एकही चूक नाही. संध्याकाळी चावीवाले आले, दोन्ही चपला काढल्या आणि काही न बोलता सरळ मोरीत गेले. नळ सुरू झाला. बाई खुर्चीवर बसून वाट बघत राहिल्या. नळ चालूच होता.

"आज विचारलं नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या.

नळ बंद झाला.

"कुठे पोचलं?" चावीवाल्यांनी आतूनच विचारलं.

बाईंनी सांगितलं. दुपारी सुट्टीत बघून ठेवलं होतं.