अकाच्या बागेतली फवारणी

इस्फाऱ्याच्या खोऱ्यातल्या त्या गावात पुरुष म्हणून उरले होते ते म्हातारे. बाकी सगळे रशियात इमारती बांधायला गेलेले. जर्दाळूच्या बागा बायकाच बघत, आणि बायकांना एकत्र करून कामाला जुंपावं तर ते सावरीनिसोनंच. त्या वसंतात झाडांना मावा लागला, पानं गुंडाळली गेली, तेव्हा बाजारातलं औषध नको असा हट्ट तिनंच धरला. गेल्या साली त्या औषधानं शेजारणीची लेक मरता मरता वाचली होती. तंबाखूच्या देठांचा काढा करू, त्यात साबण घालू आणि हशर लावू, म्हणजे गावानं मिळून एकाच दिवसात सगळ्या बागा उरकायच्या. पाल्याचाच तर रस, त्यानं कुणाचं काय वाकडं होणार, असं ती म्हणाली आणि गावाला पटलं.

पटलं नाही ते मिर्झोराहिम अकाला. हा तिचा थोरला दीर, गाव त्याला अका, म्हणजे दादा, म्हणायचं. माणसांशी धड बोलायचा नाही, पण पानं उलटून किडे बघण्यात त्याचा अख्खा दिवस जायचा. नेमकं तेव्हाच बायकोला खुजंदच्या इस्पितळात न्यायची वेळ त्याच्यावर आली. गाडीत चढता चढता तो सावरीनिसोला म्हणाला, "तुमच्या बागांचं काय ते करा. माझ्या बागेला हात लावू नका. फवारलं की मावा पानाच्या गुंडाळीत लपून वाचतो, आणि त्याला खाणारा ढालकिडा उघड्यावर मरतो. निदान माझ्याकडचे तरी राहू देत, तेच पुढं तुमच्याकडे येतील."

तिनं मान डोलावली.

हशरच्या दिवशी कढयांतून असा उग्र वास सुटला की पोरी खोकून बेजार झाल्या. तरी हसत-खिदळत काम झालं. शेवटी एकच बाग उरली. होलबीबी म्हातारीनं पंप उचलला आणि तिकडे निघाली. सावरीनिसो वाटेत आडवी झाली.

"आजारी माणसाचं घर वगळून हशर उठला, असं आपल्याकडे कधी झालंय?" होलबीबी म्हणाली. "का दिराशी झालेलं पाण्याच्या पाळीचं भांडण अजून डोक्यात आहे तुझ्या?"

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. दिराचा निरोप तेवढा सांगायचा होता. पण सांगितलं असतं तरी बहाणाच वाटला असता, असं तिला वाटलं, आणि लाज वाटली ती वेगळीच. तिनं पंप पाठीवर घेतला आणि पहिलं झाड स्वतः भिजवलं.

आठवडाभर पानं चकचकीत दिसली. झाडांखाली लाल ढालकिडे पाय वर करून पडले होते. पोरांनी ते वेचून खेळायला नेले. मग ऊन तापलं, गुंडाळ्यांतला मावा बाहेर पडला, आणि त्याला खायला खोऱ्यात कुणी उरलं नव्हतं. पानं चिकट झाली, त्यावर काजळी धरली. जर्दाळू बोराएवढेच राहिले आणि काळे पडून गळायला लागले.

अका परतला. डॉक्टरांनी बायकोला घरीच न्या म्हणून सांगितलं होतं. तिला खाटेवर निजवून तो बागेत गेला आणि संध्याकाळपर्यंत पानं उलटत राहिला. सावरीनिसो तिथं गेली, सगळं सांगून टाकलं, आणि रडली.

"लोकांनी मायेनं केलं," तो म्हणाला. "शिव्या तरी कुणाला घालू?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा कढया चढल्या. दुसरा इलाजच नव्हता. अका आला, आणि त्यानं रिकामा पंप सावरीनिसोपुढं ठेवला.

"भर."

"अका, तुमची बाग तरी राहू द्या. एखादा ढालकिडा येईल कुठून तरी."

"कुठून येईल?"

तिनं त्याचा पंप काठोकाठ भरून दिला.