तबकडीवरचं हसू

माझ्या नवऱ्याला, डेल्मरला, जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचं वेड आहे हे आमच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याला लागायच्या त्या फक्त देवाच्या गाण्यांच्या तबकड्या. बँजो, मँडोलिन आणि घरातलेच तीन-चार गळे, एवढ्या भांडवलावर केंटकीच्या डोंगरातल्या लोकांनी कधीकाळी गाऊन ठेवलेल्या. कुणाची म्हातारी वारली, कुणाचं घर पाडायला निघालं, की डेल्मर माळ्यावर चढायला हजर. मिळेल ती तबकडी घरी आणायची, धुऊन पुसून वाजवायची, सीडीवर तिच्या नकला काढायच्या आणि मागेल त्याला फुकट वाटायच्या. कोळशाच्या धुळीनं छाती गेलेले कितीतरी म्हातारे त्या नकला उशाशी लावून पडलेले असायचे.

रविवारी सकाळी, चर्चच्या आधी, गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर त्याचा एक तास असे. मधूनमधून तो किस्से सांगे, कोपरखळ्या मारी. कारखान्यांतल्या कामासाठी ओहायोला गेलेली आमची माणसंही इंटरनेटवरून ऐकत. लोक म्हणायचे, "पाद्रीबाबांपेक्षा डेल्मर बरा, निदान जागं तरी ठेवतो." त्याला ते आवडायचं. मलाही आवडायचं.

त्या वर्षी सफरचंदं उतरायच्या दिवसांत ओलेटाताई आमच्याकडे आल्या. वय सत्तरीपार, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, चर्चमध्ये डावीकडच्या दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या. हातात तबकड्यांचा खोका. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "डेल्मर, माझं यंत्र बिघडलंय रे. या तुझ्याकडे असू देत. काय वाजवायचं ते वाजव." मग तळातून एक तबकडी काढली. तिला लेबल नव्हतं. "ही मात्र नाही वाजवायची. हिची फक्त मला ऐकायला नक्कल काढून दे."

"कुणाची आहे, ताई?"

"आमच्याच घरची," म्हणाल्या, आणि कॉफी न घेताच उठल्या.

त्या गेल्याबरोबर डेल्मरनं ती लावली. मी भांडी विसळत होते. आधी खरखर, मग एका पुरुषाचा आवाज, "हं, सांग पोरा, कुठलं गाणं?" मग कोवळा मुलगा, "हे गा-गा-गा…" तो अडकलाच. लांब कुणीतरी खोकल्यासारखं केलं, आणि लगेच एक मुलगी खळखळून हसली. इतकं निर्मळ हसू, की भांडी विसळता विसळता मीही हसले. डेल्मरही हसला. मग गिटार वाजली आणि दोघं गायला लागली. मुलगा कुठेही अडखळला नाही. वरच्या पट्टीतला त्याचा आवाज असा होता की माझे हात साबणाच्या पाण्यात तसेच राहिले.

"नोला," डेल्मर म्हणाला, "ही जगात एकच आहे. दुसरी नाही. आपल्या खोऱ्यातली!"

"ताई नको म्हणाल्यात."

"लाजतायत गं. आपलंच गाणं आहे ना, म्हणून. वाजल्यावर खूश होतील बघ."

मी पुन्हा भांड्यांकडे वळले. बोलायला हवं होतं.

रविवारी त्यानं ती वाजवली. आधी म्हणाला, "मंडळी, हे बहीणभाऊ कोण ते ओळखा. भाऊरायाची गाडी सुरू व्हायला जरा वेळ लागतो, धक्का मारावा लागतो. पण एकदा सुरू झाली की थेट स्वर्गाच्या दारात!" आणि नंतर, "बहिणीचं हसू ऐकलंत? असं हसू आता मिळत नाही."

आमच्या खोऱ्यात ओळखायला कितीसा वेळ लागणार! चर्चच्या पायऱ्यांवरच बायकांनी ओलेटाताईंना गाठलं. "अगं ओलेटा, तू एवढी खिदळायचीस होय?" "आणि तो तुझा एमेट का गं? तोतरा?" ताईंनी एकदा डेल्मरकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पायऱ्या न चढता त्या वळल्या आणि चालू लागल्या. पुढचे काही रविवार त्यांचा बाक रिकामा राहिला.

त्या रविवारनंतर चार दिवस डेल्मरनं तबकड्यांना हात लावला नाही. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, "जाऊन ये. मीही येते."

ओलेटाताईंनी दार उघडलं, बसा म्हणाल्या. घेवडा शिजत होता. डेल्मर टोपी काढून उभाच राहिला.

"ताई, चुकलं माझं."

"काय चुकलं ते तरी कळलंय का तुला?" त्या म्हणाल्या. "एमेट त्या दिवसानंतर गायला नाही. कधीच नाही. सोळा वर्षांचा होता. वाक्य बोलता येत नव्हतं त्याला, पण गाता येत होतं. देवानं तेवढं एक दार उघडं ठेवलं होतं, आणि मी हसले. मग तो तिकडे ओहायोत, डेटनला गेला कारखान्यात. इतकी वर्षं मी ते हसू लपवून ठेवलं. मरायच्या आधी एकदा त्याचा आवाज ऐकावा म्हणून तुझ्याकडे आले, तर तू तेच हसू खोरंभर वाटलंस." मग घेवडा ढवळत म्हणाल्या, "एक सांग. ऐकताना तूही हसलास ना?"

"हो," डेल्मर म्हणाला.

मी खाली फरशीकडे पाहत राहिले. ताईंनी मला विचारलं नाही, हे माझं नशीब.

परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "माणसं मला तबकड्या विश्वासानं देतात, नोला. म्हणूनच देतात."

नोव्हेंबरात चर्चच्या आवारात सगळ्यांचं जेवण होतं. मी सुक्या सफरचंदांचा थरांचा केक नेला होता. ओहायोची पाटी असलेली एक गाडी आली आणि तिच्यातून उंच, वाकलेला म्हातारा उतरला. बरोबर त्याची मुलगी होती. तिनंच इंटरनेटवर डेल्मरचा कार्यक्रम ऐकून त्याला ते गाणं ऐकवलं होतं. त्याला पाहताच ओलेटाताईंच्या हातातली ताटली टेबलावर आपटली. त्या पुढे गेल्या, पण चार पावलांवर थबकल्या. एमेटनंच त्यांना जवळ घेतलं.

"म-मला वाटलं, तू मला ब-बोलवत नाहीस," तो म्हणाला.

"कुठल्या तोंडानं बोलवू? मी हसले होते."

"तू तर घरी रोज ह-हसायचीस! मी तुझी व-वेणी ओढायचो. त्याचं काय वाटणार गं?" तो अडखळत, पण न थांबता बोलत राहिला. "तो दुकानातला, आपलं गाणं तबकडीवर घेणारा यंत्रवाला. तो हसला. ते खोकणं नव्हतं. आणि नंतर द-दुकानातल्या सगळ्यांना त्यानं पुन्हा लावून ऐकवलं. म-म्हणाला, बघा गंमत. मला ओळखत नव्हता, काही नाही. तेव्हा ठरवलं, परक्याच्या य-यंत्रापुढे पुन्हा तोंड उघडायचं नाही. मग कुठेच उघडलं नाही."

ओलेटाताई त्याच्या कोटाला धरून रडायला लागल्या. एवढी वर्षं उगाच वाहिलेलं ओझं खाली ठेवताना माणूस रडतं तसं. डेल्मर माझ्याशेजारी उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे माझ्यानं बघवेना. यंत्रापुढचा परका माणूस आता कोण होता ते वेगळं सांगायची गरज नव्हती. तरी तो पुढे गेला.

"एमेट भाऊ, मी डेल्मर. रेडिओवर… ती गाडीला धक्क्याची थट्टा माझीच."

"ऐकली," एमेट म्हणाला.

"येत्या रविवारी सगळ्यांसमोर माफी मागतो. रेडिओवरच मागतो."

एमेटनं मान हलवली. "नको. म्हणजे पुन्हा स-सगळ्यांना सांगणार, एमेट तोतरा आहे म्हणून. तुला ह-हलकं वाटेल. मला?"

एमेट बहिणीचा हात धरून जेवणाच्या टेबलाकडे गेला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि नाही केलं असंही नाही. प्रार्थनेआधी सगळे गायला उभे राहिले तेव्हा मी पाहिलं, तो ओठ मिटून उभा होता, पण ताईंच्या खांद्यावर ताल धरून त्याचं बोट हलत होतं.

डेल्मरनं ती तबकडी आणि तिची नक्कल ओलेटाताईंच्या घरी पोचवली. त्या रविवारचा कार्यक्रम इंटरनेटवरून काढून टाकला. त्यानंतर रेडिओवर तो फक्त गाणाऱ्यांची नावं आणि गाव सांगतो. किस्से नाहीत, कोपरखळ्या नाहीत. लोकांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? कुणी तबकडी आणून दिली की देणाऱ्याला तो बसवून घेतो आणि काय वाजवायचं, काय नाही, ते दोनदा विचारतो.

त्या बहीणभावांचं गाणं मात्र लोक विसरेनात. परवा आम्ही किराणा दुकानात गेलो, तर तिथे बसलेल्या मंडळींत कुणीतरी तोंडावरच म्हणालं, "डेल्मर, ती एकच तबकडी दाबून ठेवलीस होय? वाटणारा माणूस म्हणे! हावरटपणा हो सगळा."

त्याच्या बाजूनं बोलायला मी तोंड उघडलं, एमेटचं नाव ओठांवर आलं, तर त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "खरंय," तो त्या माणसाला म्हणाला, आणि पिशवी उचलून दाराकडे निघाला.