रिकामी कात्री

खुर्चीत बसणारं प्रत्येक दुसरं गिऱ्हाईक तोच विनोद करायचं. "काय हो, पोराच्या वेण्या घालणार की काय?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतकं गदगदून हसायचं, की मानेवरचा वस्तरा जपून बाजूला घ्यावा लागायचा. न्हावी दात दाखवायचा. धंदा म्हटला की दात दाखवावेच लागतात. मनातल्या मनात मात्र तो त्या माणसाची भुवईसकट हजामत करून मोकळा व्हायचा.

बावीस वर्षं झाली होती त्याला या कामात. कोपऱ्यावरचं दोन खुर्च्यांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. पहिल्या खुर्चीवर तो, दुसऱ्या खुर्चीवर काका, म्हणजे ज्यांनी त्याच्या हातात पहिली कात्री दिली ते त्याचे गुरू. रडणारी तान्ही पोरं, थरथरत्या मानेचे म्हातारे, आरशात बघून दर मिनिटाला मत बदलणारे नवरदेव, सगळी डोकी त्याच्या हाताखालून गेली होती. एक तेवढं घरचं डोकं हाताला लागत नव्हतं.

ते डोकं गुंड्याचं, त्याच्या पोराचं. वय वर्षं सात. गुंड्याला ऑटिझम होता. म्हणजे काय, ते सांगून सांगून न्हाव्याचं तोंड दुखलं होतं. आवाज, उजेड, कपड्याची शिवण, कुणाचा हात, तुम्हाआम्हाला जे जाणवतही नाही ते त्या पोरावर चारी बाजूंनी चालून यायचं. थोडा वेळ तो सहन करायचा. हात झटकायचा, एका सुरात गुणगुणायचा. मग एकदम सगळा ताबा सुटायचा आणि तो किंचाळत जमिनीवर डोकं आपटायचा. बघणारे म्हणायचे, लाडावलाय. दोन ठेवून द्या, बघा कसा सरळ होतो. अशा लोकांना काय उत्तर द्यायचं? कपाळ!

तीन वर्षं बापानं कात्री जवळ नेली की तो किंचाळायचा, म्हणून आत्तापर्यंत केस वाढले तर वाढू दे, कुणाचं काय जातंय, असं चाललं होतं. पण पंधरा दिवसांपूर्वी गुंड्याच्या उजव्या कानामागे फोड आला. त्यानं तो खाजवून खाजवून चिघळवला. पू धरला, केस चिकटले. डॉक्टरीणबाईंनी लांबूनच बघितलं, कारण जवळ जाऊ देईल तर तो गुंड्या कसला.

"केस काढल्याशिवाय मला जखम साफ करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी सकाळपर्यंत घरी जमवा. नाहीतर इथे धरून, भुलीचं इंजेक्शन देऊन करावं लागेल."

धरून. तो शब्द नवराबायकोला चांगला ठाऊक होता. गुंड्या चार वर्षांचा असताना रक्त तपासायला त्याला असंच चौघांनी धरलं होतं. दोन्ही पाय बापानंच धरले होते. तोवर पोराला अकरा शब्द येत होते. आईनं वहीत लिहून ठेवले होते, पाणी, दार, आणखी, बस, असे. त्या दिवसानंतर आठ महिने त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. बाप खोलीत आला की तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. शब्द हळूहळू परत आले, सगळे नाही. आता पुन्हा धरलं तर काय काय जाईल, हे दोघंही एकमेकांना विचारत नव्हते.

गुरुवारी दुपारी त्यांनी कंबर कसली. सगळा विचार केला होता. मशीनची घरघर नको, म्हणून नुसती कात्री. गळ्याभोवतीचं कापड नको, पाण्याचा फवारा नको, पावडर नको. दुकान नकोच, स्वयंपाकघरातली त्याची रोजची खुर्ची. दिवा बंद, पंखा बंद, खिडकीला चादर. हातात त्याची लाडकी बाटल्यांची झाकणं. थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं की किंचाळण्याकडे नका बघू, त्याच्या आधीच्या मिनिटाकडे बघा, म्हणून फडताळावर मोबाइल चालू करून ठेवलेला.

तीन मिनिटं ठीक गेली. चौथ्या मिनिटाला गुंड्या हात झटकायला लागला, मग मान हलवायला लागला.

"झालंच हं, होतच आलं," बाप म्हणाला. धडधडीत खोटं. कशाचं काय होत आलं होतं! "अरे, हात शांत ठेव ना जरा. एक मिनिट तुला हात थांबवता येत नाही?"

आणि पोर फुटलं. खुर्ची आडवी, झाकणं चहूकडे, गुंड्या जमिनीवर. आईनं झडप घालून आपला तळहात त्याच्या कपाळाखाली घातला. पोर फरशीवर डोकं आपटतंय आणि मध्ये तिचा हात.

"कात्री लागलीसुद्धा नाही तुला! लागली का? सांग ना, लागली का?" बाप ओरडला.

"अहो, गप्प बसा," आई दबक्या आवाजात म्हणाली. "तुमचा आवाज नको आता. जा तुम्ही बाहेर."

तो बाहेर गेला. दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. आतलं किंचाळणं चाळीस मिनिटांनी थांबलं. रस्त्यानं जाणारे मान वळवून बघत होते. त्याला पोराचा राग आला, बायकोचा आला, डॉक्टरीणबाईंचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो आपल्या हातांचा. काय कामाचे हे हात? गावाच्या उपयोगाचे, घरच्या पोराला मात्र वैरी.

संध्याकाळी गुंड्या गोधडीत गुरफटून झोपला होता. न्हावी मोबाइलमधलं चित्रण तिसऱ्यांदा बघत होता. काही म्हणजे काही सापडत नव्हतं. बायको पलीकडे भांडी पुसत होती, तिला फक्त आवाज ऐकू येत होता. ती पातेलं हातात घेऊनच दारात आली.

"अहो, एवढं काय कापत होतात तुम्ही?"

"केस. दुसरं काय?"

"केस कुठे? मी नंतर झाडलं तेव्हा चिमूटभरसुद्धा निघाले नाहीत. आणि कात्री तर एकसारखी चाललीये. ऐका ना."

त्यानं ऐकलं. कच, कच कच, कच कच कच. मग बघितलं. कंगवा केसांतून फिरतोय, आणि दुसऱ्या हातातली कात्री गुंड्याच्या कानाशी, वीतभर अंतरावर, हवेत उघडतेय आणि मिटतेय. केसाला लागते एकदा आणि रिकामी वाजते दहादा.

"मी नाही असं करत," तो म्हणाला.

"मग हा कोण, तुमचा जुळा भाऊ?"

त्यानं चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्यानं काकांना विचारलं. काका मिशीत हसले. "अरे बाबा, मीच नाही का शिकवलं तुला? हात रिकामा असला तरी कात्री थांबू द्यायची नाही. कात्री थांबली की गिऱ्हाईक डोळे उघडतं, आरशात बघतं आणि चुका काढत बसतं. वाजत राहिली की त्याला वाटतं, काम चाललंय. तू तर बोलतानाही वाजवतोस. आत्तासुद्धा वाजवतोयस."

त्यानं खाली बघितलं. खरंच वाजवत होता.

"काका, ही सवय मोडायची कशी?"

"मोडायची कशाला? अख्ख्या जन्मात कुणी तक्रार केली नाही."

"माझा पोरगा तीन वर्षं तक्रार करतोय," न्हावी म्हणाला. "मीच बहिरा."

सोमवारपर्यंत तीन दिवस होते. त्यानं मनाशी ठरवलं, आजपासून बंद. बोलणं सोपं. पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळी तो दहाहून जास्त वेळा चुकला. दुसऱ्याच्या वेळी दातओठ खाऊन हात आवरला, तर तोच माणूस डोळे उघडून म्हणाला, "काय झालं? झोप लागली का?" दुपारपर्यंत त्याचा खांदा दगड झाला. लक्ष जरा दुसरीकडे गेलं की बोटं आपली चालू. कंगवा डाव्या हातात आला की उजवा हात चळलाच. शनिवारी तर तो स्वतःच्या हातावर इतका चिडला की कात्री आपटून मोरीवर तोंड धुवायला गेला.

आरशात पाणी निथळणारं तोंड बघताना त्याला एकदम लाज वाटली. आपण चाळिशीचा घोडा, कळतंय, आवरायचंय, आणि दोन दिवस घाम गाळून एक मिनिट हात थांबत नाही. आणि त्या सात वर्षांच्या जिवाला आपण काय म्हणालो? तो बिचारा हात झटकून झटकून सांगत होता की बाबा, फार होतंय. आणि आपण सांगितलं की सांगूही नकोस.

रविवारी दुपारी त्यानं बायकोला विचारलं, "करू?"

"जमेल?"

"हात आवरणार नाही. म्हणून हातात कात्री ठेवणारच नाही."

त्यानं कात्रीच्या दोन मुठींच्या मध्ये कापसाची गुंडाळी चिकटवली. मिटताना टोकं पूर्ण भिडली नाहीत, वाजलीही नाहीत. ओट्यावर जाड टॉवेल अंथरला. एक बट धरायची, एकदा कापायचं, कात्री टॉवेलवर ठेवायची. पुन्हा उचलायची. शिकाऊ उमेदवारानंही असलं काम केलं तर काकांनी त्याला हाकललं असतं. गुंड्या खुर्चीत बसला. खांदे कानापर्यंत चढवलेले. आई समोर जमिनीवर, झाकणं एकावर एक रचत. कुणी बोलत नव्हतं.

एक बट. ठेवली. दुसरी. ठेवली. रिकाम्या हाताची बोटं अजूनही आपसूक हलत होती, पण हवेत, मुकाट. सातव्या-आठव्या बटेला गुंड्यानं मान वळवून टॉवेलवरच्या कात्रीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. पोरानं मान परत सरळ केली आणि त्याचे खांदे खाली आले. आईनं तोंडावर हात धरला.

अर्ध्या तासात उजवी बाजू झाली. जखम उघडी पडली, लाल, ओली, बघवत नव्हती. डावीकडे केस खांद्यापर्यंत तसेच. मागून तर उंदरानं कुरतडल्यासारखं दिसत होतं. न्हाव्याचा हात शिवशिवत होता, निदान मागची रेघ तरी सरळ करू. दोनदाच कात्री चालवायची. त्यानं बट धरली.

"बस," गुंड्या म्हणाला.

आईनं मान वर केली. न्हाव्याच्या जिभेवर ते नेहमीचं वाक्य आलंच होतं, झालंच हं, होतच आलं. त्यानं ते गिळलं. बट सोडली.

"बरं," तो म्हणाला. "बस."

त्यानं कात्री खणात टाकली. गुंड्या खुर्चीतून उतरला आणि आपली झाकणं गोळा करून खिडकीपाशी गेला. ना ओरडला, ना पळाला. तिथल्या तिथे बाप खाली बसला आणि पोटभर रडला, आवाज न करता, पोराला त्रास नको म्हणून.

सोमवारी सकाळी दवाखान्यातल्या बाकावर तिघं बसले होते. सगळी माणसं मान वळवून वळवून बघत होती. जखम पुसून मलम लावेपर्यंत गुंड्यानं आईच्या मनगटाला चावा घेतला, पण कुणी धरलं नाही, सुई निघाली नाही. डॉक्टरीणबाई हात धूत म्हणाल्या, "जमवलंत की. पण हे डोकं कुणी असं केलं? चांगल्या न्हाव्याकडे तरी न्यायचं."

"मी न्हावीच आहे," तो म्हणाला. "मीच केलंय. उरलेलं तो म्हणेल तेव्हा."