रेघा-टोप्यांचा कीबोर्ड

मी एक जुना लात्वियन कीबोर्ड आहे. लात्वियाच्या राजधानीतल्या, रीगाच्या दुकानातून इल्झेने मला घेतलं आणि कुशलशी लग्न करून सिंगापूरला येताना बॅगेतून आणलं. मराठीला जसे काना-मात्रा, तशा आमच्या अक्षरांना खुणा. कुणाच्या डोक्यावर आडवी रेघ, कुणावर छोटी टोपी, कुणाच्या पायाशी स्वल्पविराम. एंटरजवळची माझी कळ आधी दाबली तरच त्या उमटतात. तिथल्या बुकित बातोक भागातल्या फ्लॅटमध्ये इल्झेची लेक गार्गी माझ्यावरच ती भाषा लिहायला शिकली. पुढे टॅब्लेट आला आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

रीगाच्या ऑनलाइन शाळेची लात्वियनची परीक्षा ठरली आणि ती टॅब्लेटवर देता येणार नव्हती, तेव्हा सगळ्यांना माझी आठवण झाली. पास झाली तर गार्गीला तिथल्या उन्हाळी शिबिरात जागा मिळणार होती आणि आईच्या वडिलांना ती पहिल्यांदाच भेटणार होती. त्यांना लात्वियनखेरीज भाषा येत नाही.

परीक्षेच्या दिवशी नेमका दसरा. पुण्याहून आलेल्या संजीवनीआजींनी घरातली अवजारं पुसून पाटावर पूजेला मांडली, त्यांत मलाही. हळद, कुंकू, अक्षता! मी अगदी फुलून गेलो. पूजेतली वस्तू उत्तरपूजेआधी हलवायची नाही, असं आजींनी बजावलं. परीक्षेचं त्यांना सांगायला कुशल विसरला होता आणि आता सांगायची त्याची छाती होईना. आजी स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने मला गुपचूप उचललं.

पेपर सुरू झाला. गार्गीने ती कळ दाबली, पण कळ दबेचना. अक्षतेचा एक दाणा खाली अडकला होता. पडद्यावरचं घड्याळ पळत होतं.

"ममा, नॉट वर्किंग लाह," गार्गी रडवेली होऊन तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

इल्झेने मला उलटं करून झटकलं. कुशलने फुंकर मारली. दाणा हलेना. घरात दुसरा कीबोर्ड नव्हता.

तेवढ्यात दारात आजी येऊन उभ्या राहिल्या. पाटावरची रिकामी जागा त्यांनी पाहिली होती. कुशलने मान खाली घालून सगळं सांगितलं. आजींनी अंबाड्यातला आकडा काढला, कळीखाली घातला आणि दाणा उडवला.

"देवाला मी सांगते," त्या गार्गीला म्हणाल्या. "तू लिही."

गार्गी लिहीत राहिली. वेळ संपता संपता शेवटची ओळ पुरी झाली. निकाल अजून यायचा आहे.

मित्रांनो, आम्हाला पुसा, जपा, कुंकूही लावा. आम्हाला आवडतं ते. पण दूरदेशी कुणी आपल्या नातीच्या दोन शब्दांची वाट पाहत असेल, तर आम्हाला देवापुढूनसुद्धा उचला.