कैसच्या नावाचा अंक

मी एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर होतो. मुरुड-अलिबाग मार्गावर भांडखोर बायका, दारूडे आणि टोपलीतल्या कोंबड्यांची तिकिटं काढायला नकार देणारे शहाणे, सगळ्यांना मी सरळ केलं. पण एक मासिक बंद करताना माझ्या नाकी नऊ आले.

मासिक 'यंत्रसोबती', पुण्याहून येतं. इंजिनं, पंप, जनरेटर असला रुक्ष मामला. आमच्या कैसला त्याचं भारी वेड. जहाजावर लागल्यावर पहिल्या पगारातून त्याने पाच वर्षांची वर्गणी एकदम भरून टाकली. म्हणाला, "अब्बा, मी सुट्टीवर येईन तेव्हा वाचीन. तोवर अम्मा सांभाळून ठेवील."

दोन वर्षांनी, ओमानच्या अलीकडे, एका सकाळी हजेरीला कैस नव्हता. जहाजभर शोधलं, समुद्रात शोधलं. कंपनीचं पत्र आलं, 'बेपत्ता'. या गोष्टीलाही दीड वर्ष झालं. मयत नाही, कबर नाही. आणि दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला त्याच्या नावाचं पाकीट मात्र न चुकता दारात.

माझी बायको गुलबानू उर्दू शाळेत शिकली. मराठी तिला वाचता येत नाही, पण 'कैस' ही दोन अक्षरं तिने पाकिटावर बघून बघून ओळखीची करून घेतली होती. नामा पोस्टमनची मोटारसायकल थांबली की ती हातातलं टाकून धावायची, तव्यावरची भाकरी जळत राहायची. दर वेळी तिला वाटायचं की या वेळी त्याचंच पत्र आहे. पाकीट न फोडता ती कैसच्या कपाटात ठेवायची आणि मग दोन-दोन दिवस मागच्या पडवीत समुद्राकडे तोंड करून बसायची. जेवण नाही, गोळ्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब असाच राहिला तर एक दिवस ही पडवीतच कोसळेल. मुलगा गेला होता, ही पण जाणार या भीतीने माझी झोप उडाली.

म्हणून ती बाजारात गेलेली बघून मी मासिकाच्या ऑफिसला फोन लावला. नवीन वर्गणीसाठी एक दाबा, चालू ठेवण्यासाठी दोन दाबा, बंद करण्यासाठी तीन दाबा. तीन दाबला. बारा मिनिटं सनई ऐकल्यावर हेमाली नावाची मुलगी आली.

"सर, वर्गणीदारांशी बोलू शकते का?"

"तो समुद्रावर गेलाय."

"ओके सर. संध्याकाळी परत आले की त्यांना कॉल करायला सांगाल?"

माझं डोकंच फिरलं. पण पोरीचा काय दोष? मी सगळं सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, ते हयात असतील तर त्यांच्या मोबाइलवर ओटीपी जातो. तो सांगावा लागेल. हयात नसतील तर मृत्यूचा दाखला पाठवा. मी लगेच बंद करते."

मोबाइल त्याच्याबरोबरच गेला. दाखला सात वर्षांशिवाय मिळत नाही, हे वकिलाने केव्हाच सांगितलं होतं.

"हयात आणि मयत यांच्या मधलं काही तुमच्या कॉम्प्युटरात नाही का हो?"

"नाही, सर. सॉरी."

मग मी नामाला डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. तो कैसच्या वर्गातला. म्हटलं, पाकीट आणूच नकोस, परस्पर परत पाठव. त्याने थैलीतून त्या महिन्याचाच अंक काढला.

"चाचा, परत धाडायचं तर कारण लिवावं लागतं. घेन्यास नकार लिवला असता, पन नकार देनारा घरात पायजे ना. मंग र्‍हायली दोन. मयत, न्हायतर पत्ता बदलला." त्याने पेन माझ्यापुढे धरलं. "मयत मी न्हाय लिवनार. तुमीच लिवा."

पेन हातात घेतलं. तीन अक्षरं होती नुसती. मला ती लिहिता आली नाहीत. शेवटी मी पाकिटावर खरडलं, 'पत्ता बदलला, नवा माहीत नाही.' मला वाटलं, यात खोटं काय आहे? नामाने शिक्का मारला आणि पाकीट थैलीच्या दुसऱ्या कप्प्यात टाकलं.

त्यानंतर अंक आला नाही. पहिल्या महिन्यात गुलबानूने दोनदा विचारलं. मी म्हणालो, "मासिकच बंद पडलं असेल. हल्ली वाचतंय कोण?" तिने ते मानलं. दुसऱ्या महिन्यात ती पडवीत बसली नाही. तिसऱ्या महिन्यात तिने नारळाच्या दुधातलं बोंबलाचं कालवण केलं, माझ्याबरोबर बसून जेवली आणि मीठ कमी पडलं म्हणून स्वतःवरच वैतागली. मला इतकं बरं वाटलं, की मी दोन वाट्या जास्त ओरपलं.

आमच्याकडे दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजाआधी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने फातिहा देतात. लोबानाचा धूप लावायचा, ताटात काही गोड ठेवायचं आणि नावं घ्यायची. माझे वालिद, तिची आई, माझा मोठा भाऊ. कैसचं नाव घ्यायची हिंमत मला दीड वर्षात झाली नव्हती. त्या जुमेरातीला मी भावाच्या नावाशी थांबलो, तेव्हा गुलबानू ओढणी सारखी करत म्हणाली, "कैसचं पन घ्या आता."

याच शब्दांसाठी मी एवढा खटाटोप केला होता. आणि माझीच जीभ उचलेना. तोवर तो तिचाच मुलगा आहे आणि तिलाच सांभाळायचं आहे, असं मी धरून चाललो होतो. नाव घेतलं की माझाही मुलगा मरणार होता. मी म्हणालो, "पुढच्या जुमेरातीला घेऊ."

मंगळवारी नामा रजेवर होता. बदली पोस्टमनने गुलबानूच्या हातात एक पत्र दिलं. मी डेपोत पेन्शनच्या कागदांसाठी गेलेलो. परत आलो तर शेजारची झोया, बालवाडीची बाई, आमच्या ओट्यावर पत्र वाचून दाखवत होती. मला बघून तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"प्रिय वाचक कैस, आपण नव्या ठिकाणी राहायला गेल्याचे आम्हांला समजले. नवा पत्ता कळवावा, म्हणजे राहिलेले अंक तेथे पाठवता येतील."

गुलबानूचा चेहरा मी असा कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. तिने माझा दंड धरला. "ऐकलात? राहाला गेलाय म्हनं. त्यांना समजलं म्हंजे कुनीतरी सांगितलं असेल ना? कुनी बघितला त्याला?"

"अगं, छापील पत्र असतं ते..."

"त्याचं नाव हाय त्याच्यावर! लावा फोन. विचारा कुनी सांगितलं."

झोया माझ्याकडे बघत होती. मी फोन लावला. गुलबानूने तो स्पीकरवर टाकायला लावला. सनई वाजली आणि पुन्हा तीच हेमाली आली. तिने मला ओळखलं नाही.

"सर, पोस्टातून पाकीट परत आलंय. त्यावर हाताने लिहिलंय, पत्ता बदलला."

"लिवनाऱ्याचं नाव?" गुलबानू फोनवर वाकून ओरडली.

"नाव नाहीये, मॅडम."

ते नाव मला माहीत होतं. सांगायला मी तोंडही उघडलं. पण तोवर गुलबानू आत जाऊन चुलीकडच्या फळीवरून लोबानची डबी उचलून कपाटात आत, मागे सारत होती. "जुमेरातीला त्याचं नाव नका घेऊ हां," ती पाठमोरीच म्हणाली. "बरं झालं तुमी तवा थांबलात. जित्या मानसाच्या नावाने फातिहा देतात काय?"

माझं उघडलेलं तोंड मी मिटलं.

"सर, नवा पत्ता मिळेपर्यंत अंक जुन्याच पत्त्यावर पाठवू का?" हेमाली विचारत होती. "मागचे तीनही पाठवते. चालू ठेवण्यासाठी दोन दाबा."

गुलबानू धावत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "दाबा ना," ती म्हणाली.

मी दोन दाबलं.